वस्तीचा नकाशा कोणी काढावा?

शहरसुधारणेचा विषय आपल्याकडे बहुधा दोनच ठिकाणी चर्चिला जातो: नगररचनाकाराच्या दफ्तरात आणि अंदाजपत्रकाच्या सभेत. ज्या गल्लीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि जिच्या तोंडाशी रोज पहाटे हंडे-कळशांची रांग लागते, त्या गल्लीतील रहिवाशाचे म्हणणे या दोन्ही ठिकाणी क्वचितच पोहोचते. आणि पोहोचलेच तर तक्रारअर्जाच्या रूपाने, काम संपून कंत्राटदाराचे देणे चुकते झाल्यावर. या शिरस्त्याला पुण्यात दोनदा छेद गेला. नागर रचनेचे शास्त्र केवळ पदवीधरांपाशी असते असे मानणाऱ्या प्रत्येकाने ती हकीकत समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

तिचे मूळ मात्र मुंबईत आहे. 1984 साली तेथे स्थापन झालेली ‘स्पार्क’ ही संस्था, जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ आणि भायखळ्याच्या पदपथांवर संसार थाटलेल्या स्त्रियांतून उभे राहिलेले ‘महिला मिलन’ अशा तिघांनी मिळून आपल्या माणसांची गणती आपणच करावी, पैपैची बचत करावी आणि घर कसे हवे ते स्वतः ठरवावे, असा परिपाठ घातला. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रियांनी पोटमाळा निघेल अशा चौदा फूट उंचीच्या घराची कल्पना मांडली आणि तशा घराची प्रत्यक्षाएवढी प्रतिकृती उभारून ती लोकांना दाखवली. कागदावरचा नकाशा ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही उभ्या घरात शिरून चूल कोठे मांडावी हे सांगता येते, हे त्यामागील साधे मर्म होते.

1999 साली पुण्याचे महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतील सार्वजनिक संडास बांधण्याचे व सांभाळण्याचे काम स्वयंसेवी संस्थांकडे सोपवण्याचे ठरवले, तेव्हा हा परिपाठ कसोटीला लागला. तोवरची पद्धत सर्वांच्या परिचयाची होती. कंत्राटदाराने इमारत बांधावी, सफाईची जबाबदारी कागदोपत्री महापालिकेकडे राहावी, पाण्याची तजवीज नसावी, आणि काही महिन्यांत कड्या तुटलेल्या त्या इमारतीभोवती लोकांनी उघड्यावर बसावे! नव्या योजनेत दर आठवड्याला आयुक्तांसमोर कामाचा आढावा होई आणि ज्या स्त्रियांनी आयुष्यात कधी निविदा पाहिली नव्हती, त्यांच्यातल्या काही जणी स्वतः कंत्राटदार झाल्या. दोन वर्षांच्या अवधीत शहरात 400 हून अधिक स्वच्छतागृहे उभी राहिली.

संख्येपेक्षा त्यांची रचना अधिक बोलकी आहे. स्त्री-पुरुषांची प्रवेशद्वारे निराळी केली, कारण एकाच रांगेत स्त्रियांना मागे रेटले जाते हा रोजचा अनुभव होता. पाण्याची टाकी मोठी घेतली. उजेड आणि वारा खेळेल अशी व्यवस्था केली. लहान मुलांसाठी स्वतंत्र जागा ठेवली, हा मला या साऱ्या योजनेचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. मोठ्यांच्या रांगेत मुलाचा निभाव लागत नाही; अंधाऱ्या खोलीची आणि त्याहून त्या रुंद भोकाची त्याला धास्ती वाटते; म्हणून ते गटारीच्या काठावर बसते. हे ज्ञान कोणत्याही मापनपुस्तिकेच्या रकान्यात नव्हते; ते आयांपाशी होते. त्यांच्या सांगण्यावरून भोक लहान झाले आणि तोल सावरण्यासाठी मुठीत धरता येईल अशी कडी आली. राखणदाराच्या कुटुंबाला राहण्यासाठी खोली बांधली गेली, आणि कुटुंबामागे महिना 20 रुपयांच्या पासातून देखभालीचा खर्च भागवावा असे ठरले. 2001 साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत अशा घराची व स्वच्छतागृहाची प्रतिकृती मांडली गेली, आणि सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ती जाऊन पाहिली.

दुसरा प्रसंग येरवड्याचा. 2005 साली सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानात गरिबांच्या घरांसाठी निधी होता. पण वस्ती उठवायची आणि माणसे दूरच्या इमारतींत नेऊन ठेवायची हीच त्याच्या विनियोगाची रुळलेली वाट होती. येरवड्यातील वस्त्यांत वास्तुविशारद प्रसन्न देसाई आणि ‘महिला मिलन’च्या कार्यकर्त्या यांनी ती सोडली. पक्की घरे जशीच्या तशी ठेवून केवळ कच्ची घरे त्यांच्याच जागी 270 चौरस फुटांची करायची, असा त्यांचा निश्चय होता. कोणाची जागा इतकी अरुंद की मजला चढवल्यावाचून गत्यंतर नाही. कोठे दोन शेजाऱ्यांनी जमीन एकत्र करून एकच जिना घ्यावा लागणार. घराचा नमुना समजावा म्हणून कापडाच्या भिंतींचे पूर्ण आकाराचे घर वस्तीतच उभे केले गेले. गल्ल्यांची जुनी वळणे राहिली आणि त्यांसोबत अडीअडचणीला हाक मारण्याजोगा शेजारही राहिला.

ही पद्धत संथ आहे, हे मान्य करावे लागेल. शेकडो घरांचे आराखडे स्वतंत्रपणे काढणे, बांधकाम चालू असताना कुटुंबाने जवळपास भाड्याने राहणे, जिन्याच्या पायरीवरून शेजाऱ्यांत उद्भवलेला तंटा मिटवणे, या गोष्टी मंजुरीच्या मुदतीत बसत नाहीत, आणि म्हणूनच सरकारी यंत्रणेला एकसारख्या खोल्यांची उंच इमारत सोयीची वाटते. परंतु ती सोय कोणाची, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. लोकांचा विचार घेण्यात गेलेला वेळ मी वाया गेलेला मानत नाही. पुढे पडीक राहणाऱ्या इमारतीवर होणारा खर्च तेवढा वाचतो.

या पद्धतीचे अजून नियमात रूपांतर झालेले नाही. एखादा आयुक्त, एखादी जिद्दी संघटना आणि ऐकून घेणारा वास्तुविशारद यांचा योग जुळला तरच ती चालते. मात्र सामान्य नागरिकाच्या हाती काहीच नाही असेही नाही. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात 2006 पासून नागरिकांना आपल्या प्रभागातील कामे सुचवता येतात आणि त्यासाठीचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. पदपथ, बसण्याची बाके, दिवे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामे त्यातून सुचवता येतात. पुढच्या खेपेस तो अर्ज एकट्याने भरू नका. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना, कामाला जाणाऱ्या बायकांना आणि शाळकरी मुलांना विचारून भरा, आणि काम मंजूर झाल्यावर पहिली कुदळ पडण्यापूर्वी त्याचा नकाशा पाहायला मागा.