बाळाच्या तोंडातली बुरशी आणि आईचं दूध

आजचा विषय चारचौघांत बोलायला जरा अवघड आहे. पण लाजेपोटी आपल्या बाया किती दुखणं अंगावर काढतात, हे मी गटाच्या बैठकीत बघते. म्हणून बोलतेच.

ऐन आवणीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या गटातली एक बाई दीड महिन्याचं बाळ घेऊन बैठकीला आली. बाळ भुकेनं रडत होतं, पण ती पदराखाली घ्यायचं सोडून त्याला नुसती हलवत बसली. विचारलं तर डोळ्यांत पाणी. म्हणाली, “ताई, पाजायला घेतलं की मिरची चोळल्यागत आग होते.” घरातल्या म्हाताऱ्या सांगत होत्या, दूध तापलंय, चार दिवस पाजू नको, बकरीचं दे. बाळाचं तोंड बघितलं तर जिभेवर आणि गालाच्या आतून पांढरे चट्टे.

दूध तापलं नव्हतं. ती बुरशी होती. पावसाळ्यात भाकरीवर बुरशी धरते ना, तशीच एक बारीक बुरशी, नाव कॅन्डिडा. ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर थोडीफार असतेच. बाळ लहान, त्याची ताकद कमी, किंवा आईला नाहीतर बाळाला अँटिबायोटिक औषध झालेलं असलं, की ती वाढते. बाळाच्या तोंडातून आईच्या स्तनाग्राला लागते, तिथून परत बाळाला. गटाचं कर्ज या हातातून त्या हातात फिरतं तशी. म्हणून एकट्या बाळाला औषध लावून भागत नाही. दोघांनाही एकाच वेळी औषध हवं, आणि एकाला काहीच त्रास दिसत नसला तरीही. इथेच बहुतेक घरांत चुकतं.

ओळखायचं कसं? दूध प्यायल्यावर जिभेवर राहिलेला पांढरा थर ओल्या मऊ फडक्यानं निघतो. बुरशीचा चट्टा निघत नाही. जोरानं पुसला तर खाली लाल होतं, रक्तही येतं, म्हणून खरवडू नका. बाळ स्तन धरतं, सोडतं, रडतं. कधी ढुंगणावरही लाल पुरळ येतं. आईचं स्तनाग्र लालसर, चकचकीत दिसतं, साल निघते, आणि पाजून झाल्यावरही आतपर्यंत कळ मारते.

पण प्रत्येक दुखणं बुरशीचं नसतं, हेही सांगते. बाळानं नुसतं टोक धरलं तरी चिरा पडतात. भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. आधी आशाताईला समोर बसवून पाजून दाखवा. स्तन एका जागी लाल, कडक झाला आणि ताप आला, तर तो वेगळा आजार आहे, लगेच दवाखाना.

बुरशीवर बाळाच्या तोंडात लावायचं पातळ औषध असतं आणि आईसाठी मलम. दोन्ही डॉक्टरांकडूनच घ्या. बाळाचं औषध पाजून झाल्यावर, थोडं थोडं, गालाच्या आतून आणि जिभेवर लावायचं. घट्ट जेल असेल तर घशाकडे ढकलू नका, बाळाला ठसका लागून श्वास अडकतो. दोन-तीन दिवसांत चट्टे कमी दिसतात आणि बाया औषध थांबवतात. तसं नको, सांगितलेले दिवस पूर्ण करा. मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जिवावरचा आजार होऊ शकतो. टाकणखार नको, आणि घरात जखमेसाठी ठेवलेलं जांभळं औषधही मनानं लावू नका.

दूध मात्र थांबवायचं नाही. बुरशी असली तरी आईचं दूध बाळाला चालतं. आपल्या जव्हार-मोखाड्यात बाळाच्या वजनाचा एकेक ग्रॅम आपण मोजतो, तिथे चार दिवस दूध तोडणं परवडणारं नाही. शिवाय न पाजल्यानं दूध आटतं ते वेगळंच. फारच दुखलं तर कमी दुखणाऱ्या बाजूनं सुरू करा, किंवा हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा. बाटली नको. वाटी-चमचा रोज उकळून घ्या.

बुरशीला ओल आणि ऊब आवडते, आणि आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला माहीत आहे. आवणीत दिवसभर ओला पोलका अंगावर राहतो. घरी आल्यावर आधी तो बदला, हात साबणानं धुवा, मग बाळाला घ्या. ज्या पदरानं घाम पुसतो त्यानंच बाळाचं तोंड पुसायची सवय सोडा. लंगोट आणि पोलकी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. ऊन नसेल तर चुलीजवळ दोरी बांधा, पण दमट कपडा घालू नका.

बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंग गरम किंवा गार लागलं, तर औषधाची वाट बघू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करून गाडी बोलवा. बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल तर आईची साखर तपासून घ्या.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बहिणींनो, औषध अर्धवट असेल तर बाटली सामानात बांधा, माता-बाल कार्डही घ्या. बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येते. दर खेपेला तिला सांगा, बाळाचं वजन कर आणि तोंडही उघडून बघ. त्या बाईचं बाळ आता भाकरी मागतंय, आणि तिच्या जावेचं बाळ झालं तेव्हा म्हाताऱ्यांच्या आधी तिनंच त्याचं तोंड बघितलं.