परिचारिका टिकत का नाहीत?

“नर्सेस टिकत नाहीत हो! आज शिकवावी, उद्या ती कुवेतला!” इस्पितळाच्या चालकांपाशी घटकाभर बसा, चहाबरोबर हे वाक्य ऐकायला मिळतेच. छत्तीस वर्षे मी परिचारिकेचा पोशाख वागवला. त्यांतली शेवटची चौदा नव्या मुलींना वॉर्डात शिकवण्यात गेली. तेव्हा या तक्रारीची दुसरी बाजू मांडण्याचा थोडाफार अधिकार मला आहे.

तीन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम किंवा चार वर्षांची पदवी पुरी करून मुलगी वॉर्डात येते. शिकताना तिच्या पाठीशी कोणीतरी उभे असते. इथे रात्रपाळीला तीस खाटा, दोन सलाइन एकदम संपत आलेल्या, टेलिफोन खणखणतो आहे आणि नातेवाईक भोवती गोळा! विचारायचे कोणाला? जुनी सिस्टर पलीकडच्या वॉर्डात अशीच अडकलेली. मुलगी कामाला भीत नाही. आपल्या हातून कुणाच्या जिवाचे बरेवाईट होईल, याला भिते. सहाव्या महिन्यात राजीनामा येतो. कारण, ‘घरगुती अडचण’. खरे कारण कागदावर उतरतच नाही.

मार्लीन क्रेमर या अमेरिकन विदुषींनी या धक्क्यावर १९७४ साली अख्खे पुस्तक लिहिले. पुढे १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी मांडले, की नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या परिचारिका चढते आणि कामावर पकड यायलाच दोन-तीन वर्षे लागतात. म्हणजे वर्षाच्या आत मुली निघून जाऊ लागल्या, तर त्या इस्पितळात कायम नवशिक्यांचेच राज्य!

आपल्याकडे यावर तोड निघाली ती बाँडची. माझी स्वतःची मूळ प्रमाणपत्रे दोन वर्षे एका खाजगी इस्पितळाच्या कपाटात कुलूपबंद होती. मुदत सरली त्या दिवशी कपाट उघडले, आणि मी बाहेर पडले! बाँडने माणूस अडतो, रमत नाही. २०११ साली मुंबईच्या काही खाजगी इस्पितळांतल्या परिचारिका याच जाचाविरुद्ध संपावर गेल्या होत्या.

अमेरिकेत परिचारिकांची टंचाई पडली, तेव्हा तिथल्या नर्सिंग अकादमीने उलटा प्रश्न विचारला: त्या टिकतात कुठे? १९८३ च्या त्या पाहणीत अशी ४१ इस्पितळे निघाली. लोहचुंबकासारखी खेचून धरणारी, म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ म्हणू लागले. तिथे पुरेसे मनुष्यबळ होते, पाठीशी उभी राहणारी मेट्रन होती, आणि नव्या मुलीला कामाची नीट ओळख करून देण्याची व पुढेही शिकवत राहण्याची सोय होती.

आमच्या वॉर्डात मी साधाच नेम ठेवला होता. नव्या मुलीकडे आधी दोन खाटा, मग चार, मग आठ. सोबत एक ठरलेली अनुभवी सिस्टर. तीन महिने एकटीने रात्रपाळी नाही. शिकवणीचा तास ड्यूटीच्याच वेळात. सुटीच्या दिवशी बोलावून नव्हे. परभणीकडची एक मुलगी पहिल्या आठवड्यात रोज रडायची. पुढे तीच नव्या मुलींना अतिदक्षता विभागात उभी राहून शिकवू लागली.

शिकवण्याने पोट भरत नाही, हेही खरे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने लहान खाजगी इस्पितळातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अशी शिफारस केली होती. तुटपुंज्या पगारावर शिकवणीचा मुलामा देऊन कोणी टिकणार नाही. पण पगार मिळूनही रोज जीव मुठीत धरून काम करावे लागले, तर तीही टिकत नाही.

वाचकहो, आपले माणूस इस्पितळात दाखल कराल, तेव्हा खोलीच्या भाड्याबरोबर एवढेही विचारा: “इथल्या नव्या सिस्टरना कोण शिकवते?” चार जणांनी विचारले, तर पाचव्यासाठी चालकांना उत्तर तयार ठेवावे लागेल.