लास व्हेगास : आराखड्यावाचून वाढलेले नगर

नगरे एक तर आराखड्यानुसार वाढतात, नाही तर आपोआप वाढतात, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील मोहावे वाळवंटात वसलेले लास व्हेगास हे जुगाराचे नगर दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण समजले जाते. परंतु त्याच्या वाढीची छाननी केली असता ‘आपोआप’ हा शब्द फसवा ठरतो. तेथे सर्वंकष आराखडा नव्हता. निर्णय मात्र पुष्कळ होते.

पहिला निर्णय रेल्वेचा. येथील झऱ्यांचे पाणी इंजिनांना उपयोगी होते. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने सुमारे ११० एकर जमिनीचे भूखंड पाडून लिलावाने विकले आणि मद्यविक्री दोनच चौकांपुरती मर्यादित केली. १९३१ साली राज्याच्या विधिमंडळाने जुगार कायदेशीर केला, आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. १९३० मध्ये ५,१६५ असलेली नगराची लोकसंख्या १९६० मध्ये ६४,४०५ झाली.

नगराला खरा आकार मात्र हद्दीच्या प्रश्नाने दिला. १९४१ साली ‘एल रांचो व्हेगास’ हे पहिले मोठे विश्रामगृह लॉस एंजल्सच्या रस्त्यावर, परंतु नगराच्या हद्दीबाहेर उभे राहिले. तेथे जमीन स्वस्त होती आणि नगरपालिकेचा कर लागू होत नव्हता. पुढे याच रस्त्याच्या कडेने कॅसिनोंची ओळ वाढत गेली. तिलाच ‘स्ट्रिप’ म्हणतात. ही जमीन हद्दीत घेण्याची खटपट नगराने आरंभिली, तेव्हा काउंटीने १९५० साली ‘पॅराडाइज’ हे स्वतंत्र वसाहतक्षेत्र निर्माण केले. परिणामी जगाला ‘लास व्हेगास’ म्हणून परिचित असलेल्या स्ट्रिपचा बहुतेक भाग आजही त्या नगराच्या हद्दीत नाही.

आराखड्याचा अभाव म्हणजे सर्वांना मोकळीक, असेही झाले नाही. १९४० च्या सुमारास कृष्णवर्णीय व्यावसायिकांना मध्यवर्ती भागात परवाने नाकारून रुळांपलीकडच्या ‘वेस्टसाइड’ वस्तीत लोटण्यात आले. तेथे पक्के रस्ते व सांडपाण्याची सोय दीर्घकाळ पोचली नाही. कॅसिनोंतून रंगमंचावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांनाही तेथे मुक्कामास जागा मिळत नसे. निदर्शनांचा इशारा दिला गेल्यावर मार्च १९६० मध्ये स्ट्रिपवरील कॅसिनोंनी ही प्रवेशबंदी उठविली. नकाशावर न काढलेली ही विभागणी नकाशावरील रेषेइतकीच कठोर होती.

विखुरलेल्या निर्णयांना अखेर पाण्याने मर्यादा घातली. भूजलाच्या अतिरिक्त उपशामुळे १९६२ साली मूळ झरे वाहावयाचे थांबले. कोलोरॅडोच्या पाण्यात नेव्हाडाचा वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट एवढाच आहे. हद्दींवरून भांडणाऱ्या संस्थांना पाण्याच्या बाबतीत तरी एकत्र यावे लागले आणि १९९१ साली दक्षिण नेव्हाडासाठी सामाईक जलप्राधिकरण स्थापन झाले.

म्हणून लास व्हेगासचा अभ्यास करताना ‘नियोजन होते की नव्हते’ एवढाच प्रश्न अपुरा पडतो. निर्णय कोणी घेतले, ते कोणत्या हद्दीच्या आडोशाने घेतले आणि त्यांचा भार कोणावर पडला, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत.