राजा गेला, कायदा राहिला

आमच्या तीर्थरूपांना दरबारातून मिळालेली शाल अजून ट्रंकेत घडी घालून ठेवलेली आहे. म्हणून की काय, रोमचा इतिहास वाचताना माझे लक्ष विजयी सेनापतींपेक्षा सिसिली बेटावरील एका मांडलिक राजाकडे जाते.

तो राजा दुसरा हिएरो, राजधानी सिराक्यूज. इ. स. पूर्व २६३ मध्ये त्याने रोमशी तह केला आणि २१५ मध्ये मरेपर्यंत तो पाळला. दरम्यान २४१ मध्ये कार्थेजचा पराभव करून रोमने बेटाचा बराच भाग घेतला होता. हिएरोच्या नातवाने रोमची बाजू सोडली आणि २१२ मध्ये मार्सेलसने सिराक्यूज घेतले. आर्किमिडीज त्याच धामधुमीत मारला गेला. शहरातील मूर्ती, चित्रे रोमला गेली.

बेटाचे नाव मात्र रोमनांनी बदलले नाही. सिकेल या जुन्या रहिवाशांवरून ग्रीक लोक त्याला सिकेलिया म्हणत. तेच लॅटिनमध्ये सिसिलिया झाले. ‘प्रोव्हिन्सिया’ म्हणजे मुळात अधिकाऱ्याकडे सोपविलेली कामगिरी. पुढे तोच शब्द मुलखाला लागला. २२७ पासून येथे रोमचा प्रेटर नेमला जाऊ लागला. पुढे त्याच्या हाताखाली दोन क्वेस्टर असत, एक सिराक्यूजला, दुसरा लिलिबियमला. बहुतेक गावांकडून धान्याचा दहावा हिस्सा घेत, तोही हिएरोच्या वहिवाटीप्रमाणे. त्या नियमांना ‘हिएरोचा कायदा’ हेच नाव राहिले!

परंतु कायदा जुना असला तरी राबविणारा हात नवा. ७३ ते ७१ या काळात व्हेरेस नावाच्या सुभेदाराने दशमांशाच्या नावाखाली शेतकरी नागविले आणि देवळांतील मूर्तीही उचलल्या. लिलिबियमला क्वेस्टर राहिलेल्या सिसेरोकडे लोकांनी धाव घेतली. ७० मध्ये खटला उभा राहिला. निकालापूर्वीच व्हेरेस मार्सेल्सला पळाला.

सिसेरोच्या आरोपांत एक गोष्ट आम्हां गाणाऱ्यांची आहे. सिसिलीला येण्यापूर्वी व्हेरेसने आशिया मायनरमधील अस्पेंडस गावातून एका वीणावादकाची मूर्ती नेली होती. हा वादक फक्त आतल्या आत वाजवितो, अशी तिची ख्याती. व्हेरेसने ती घराच्या अगदी आतल्या दालनात ठेवली, असा सिसेरोचा टोमणा.

सूर आधी आत लागावा, असे वडील सांगत. मी विद्यार्थ्यांना तेच सांगताना ही गोष्ट जोडतो. परवा एका मुलीने विचारले, “मास्तर, मग मूर्ती गावाला परत मिळाली का?”

“सिसेरो खटला जिंकला,” एवढेच मला सांगता आले.