क्षणभराचा लकवा आणि वेळीच झालेले निदान

रुग्णालयातून बरा होऊन घरी परतलेला माणूस प्रथम शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे आभार मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु काही रोग असे आहेत की, त्यांत शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी, शाळेच्या वर्गात किंवा घराच्या ओटीवर, कोणीतरी एक लहानशी गोष्ट पाहिलेली असते आणि ती क्षुल्लक म्हणून सोडून दिलेली नसते. या पहिल्या पाहणाऱ्याचे ऋण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘मोयामोया’ हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा दुर्मिळ रोग अशा रोगांपैकी एक होय. लहान मुलांना आणि ऐन उमेदीतील माणसांना पक्षाघात घडवून आणणारा हा रोग काय आहे, तो कसा ओळखावा आणि गावपातळीवर काम करणाऱ्यांच्या हाती त्यात काय आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रोगाचे स्वरूप

मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या दोन मोठ्या धमन्या मेंदूच्या बहुतांश भागाला रक्त पुरवितात. मोयामोया रोगात या धमन्यांची कवटीच्या आतील टोके हळूहळू अरुंद होत जातात. हे अरुंद होणे चरबी साचून होत नाही. धमनीचे आतील अस्तरच जाड होत जाते. मुख्य पाट बुजू लागला म्हणजे पाणी जसे बारीक चरांतून वाट काढते, तसे मेंदूच्या तळाशी केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे तयार होते. हे जाळे काही काळ निभावून नेते. परंतु ते नाजूक असते. मुलांत बहुधा रक्त अपुरे पडून लकवा येतो. प्रौढांत मात्र अशी एखादी वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण अधिक आढळते.

१९५७ साली ताकेउची आणि शिमिझु या जपानी डॉक्टरांनी अशा रुग्णाचे पहिले वर्णन केले. पुढे १९६९ साली सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठातील डॉ. जिरो सुझुकी आणि डॉ. ताकाकू यांनी रोगाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आणि त्याला हे नाव दिले. क्ष-किरण चित्रात ते बारीक जाळे हवेत तरंगणाऱ्या धुराच्या पुंजक्यासारखे दिसते, आणि अशा धूसरपणाला जपानी भाषेत ‘मोयामोया’ म्हणतात. जपानमधील २००३ सालच्या पाहणीत लाखामागे सुमारे सहा रुग्ण आढळले. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आहे. पाच वर्षांच्या आसपासची मुले आणि चाळिशीच्या आसपासची माणसे अशा दोन वयोगटांत तो विशेष दिसतो. काही कुटुंबांत तो एकाहून अधिक व्यक्तींना होतो. २०११ साली त्याच्याशी निगडित असलेले एक जनुकही सापडले. पूर्व आशियात हा रोग अधिक असला, तरी भारतातही त्याचे रुग्ण आढळतात. सिकलसेलसारख्या काही आजारांतही धमन्यांची अशीच अवस्था होऊ शकते. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाच्या हातापायांतील क्षणिक दुर्बलतेकडे दुप्पट लक्ष द्यावयास हवे.

फसवी लक्षणे

समजा, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कापडे परिसरात एखादी सात वर्षांची मुलगी आहे. घरी रडून रडून थकल्यावर तिचा उजवा हात लुळा पडतो आणि पाच-दहा मिनिटांत पूर्ववत होतो. पंधरा दिवसांनी शाळेत शर्यत धावून आल्यावर तिची बोबडी वळते, हातातील पेन्सिल गळून पडते. मधल्या सुटीपर्यंत ती पुन्हा खेळू लागते. अधूनमधून तिचे डोके दुखते. ही मुलगी कल्पित आहे. परंतु रोगाची चाल बहुतेक वेळा नेमकी अशीच असते.

यामागील कारण समजण्यास अवघड नाही. रडताना, धापा टाकताना किंवा जोराने फुंकताना माणूस भराभर श्वास सोडतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. निरोगी मुलाला त्याचे काही वाटत नाही. परंतु ज्याच्या मेंदूला आधीच जेमतेम रक्त मिळते, त्याला तेवढी घटही सोसत नाही. जपानी डॉक्टरांनी ही लक्षणे गरम शेवया फुंकून खाणाऱ्या आणि तोंडाने वाजविण्याची वाद्ये वाजविणाऱ्या मुलांत नोंदविली आहेत. आपल्याकडे फुगा फुगविणे, पिपाणी वाजविणे, फुंकणीने चूल फुंकणे किंवा घाटवाटेचा चढ धावत चढणे या प्रसंगी तोच परिणाम संभवतो.

लक्षण आपोआप जाते, हेच येथे खरे संकट आहे. हात पुन्हा हलू लागला की घरची माणसे सुटकेचा नि:श्वास सोडतात. मूल ढोंग करते, त्याला फिट आली, दृष्ट लागली, अंगात आले असे नाना अर्थ लावले जातात, आणि मधले मोलाचे महिने निघून जातात. वास्तविक क्षणभराचा लकवा ही पुढील मोठ्या लकव्याची पूर्वसूचना असते. मेंदूचा भाग एकदा मृत झाला की तो परत येत नाही. म्हणून सूचना मिळणे आणि झटका येणे यांमधील काळ हाच निदानाचा काळ होय.

महाडचा धडा

नुसत्या काळजीपूर्वक निरीक्षणाने काय साधते, याचे उदाहरण शोधण्यासाठी या भागातील वाचकांना दूर जावयास नको. १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्या काळी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने अनेकजण, विशेषत: मुले, दगावत असत. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून प्रत्येक लक्षण टिपले. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वचिन्हे आहेत, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडले. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. त्यानंतर विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

विंचूदंश आणि मोयामोया यांचा परस्परसंबंध नाही. परंतु दोहोंत एक धडा समान आहे. मोठे संकट येण्यापूर्वी शरीर काही लहान चिन्हे देते. ती चिन्हे नोंदविणारा कोणी जवळ असला, तर उपचाराला वेळ मिळतो.

तपासणी आणि उपचार

मोयामोयाचे निदान केवळ हाताने तपासून होत नाही. एम. आर. आय. या तपासणीत मेंदूची आणि त्याच्या धमन्यांची चित्रे मिळतात. आवश्यक वाटल्यास धमन्यांत रंगद्रव्य सोडून अँजिओग्राफी करतात. अरुंद झालेली धमनी पूर्ववत करणारे औषध आजही उपलब्ध नाही. काही रुग्णांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ॲस्पिरिन देतात. मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा आहे. कवटीबाहेर, टाळूच्या त्वचेखाली असलेली धमनी आत मेंदूच्या धमनीला जोडणे हा एक प्रकार. ही जोडणी झुरिच येथील डॉ. यासारगिल यांनी १९६७ साली प्रथम केली. लहान मुलांत पुष्कळदा धमनी न जोडता ती मेंदूच्या पृष्ठभागावर बसवितात, आणि काही महिन्यांत तिच्यातून नव्या वाहिन्या आपोआप आत वाढतात. ज्यांना एकदा रक्तस्राव झाला आहे अशा ८० प्रौढ रुग्णांचा जपानमधील अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया केलेल्यांत शेकडा सुमारे १२, तर न केलेल्यांत सुमारे ३२ होते. शस्त्रक्रिया पुढील झटका टाळण्यासाठी असते. झालेली हानी ती भरून काढीत नाही. वेळेचे महत्त्व यातच सामावलेले आहे.

गावपातळीवर काय करता येईल

कापड्यासारख्या गावापासून मेंदुरोगतज्ज्ञ जवळ नाही. मुंबईची मोठी रुग्णालये सुमारे दोनशे किलोमीटरवर आहेत. पावसाळ्यात दरडींची भीती असते. २०२१ च्या जुलैमध्ये या तालुक्यातील जनतेने तो अनुभव घेतला आहे. म्हणूनच झटका येण्याची वाट न पाहता, पूर्वसूचना मिळताच हालचाल करणे शहाणपणाचे ठरते. मुंबईत चाकरीला असलेला कोणी ना कोणी आप्त बहुतेक घरांत असतो. त्याच्या आधाराने ही धावपळ पुष्कळ सोपी होते.

शिक्षकांनी एक साधी नोंद ठेवावी. कोणत्या बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले काय, तोंड वाकडे झाले काय, किती मिनिटे तसे राहिले, त्यापूर्वी मूल काय करीत होते, शुद्ध हरपली होती काय? शक्य झाल्यास मोबाईलवर त्या वेळचे चित्रण करावे. ही चार ओळींची नोंद तज्ज्ञाला लांबलचक वर्णनाहून अधिक उपयोगी पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते, तेव्हा ती नोंद पथकास दाखवावी. परंतु पथकाची वाट पाहत मात्र थांबू नये. पालकांना त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात पाठवावे आणि तेथून पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईस मेंदुरोगतज्ज्ञाकडे पाठविण्याविषयी विचारण्यास सांगावे.

दुर्बलता ओसरत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ सांगावी. तोंड वाकडे झालेल्या रुग्णास पाणी वा अन्न देऊ नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये. कारण झटका रक्तस्रावाचाही असू शकतो.

पंचायत सदस्यांनी खर्चाचा प्रश्न आधीच समजून घ्यावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. ही योजना २०१२ साली निराळ्या नावाने प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होते याची माहिती योजनेतील रुग्णालयाचे आरोग्यमित्र देतात. शिधापत्रिका आणि ओळखीची कागदपत्रे वेळेवर मिळवून देणे हेदेखील उपचाराचेच अंग मानावे.

रोग निश्चित झालेल्या मुलास शाळेतून दूर ठेवण्याचे कारण नाही. त्याने पाणी भरपूर प्यावे, तापात किंवा जुलाबात त्याची विशेष काळजी घ्यावी, आणि खेळाविषयी डॉक्टरांचा सल्ला मुख्याध्यापकांना ठाऊक असावा, एवढे पुरेसे आहे.

ऋणाची फेड

मोयामोया दुर्मिळ आहे. अनेक शिक्षकांच्या संपूर्ण सेवेत असा एकही विद्यार्थी येणार नाही. मात्र जे काही थोडे येतील, त्यांचे पुढील सारे आयुष्य एका प्रश्नावर अवलंबून राहील: हात लुळा पडला ती पाच मिनिटे कोणी पाहिली, आणि पाहणाऱ्याने पुढे काय केले? ज्या कुटुंबाला वेळीच निदानाचा लाभ झाला, त्याने कृतज्ञता व्यक्त करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे आपला अनुभव शेजाऱ्यापाजाऱ्यांना, शाळेला आणि ग्रामसभेला सांगणे. असे सांगितल्याने पुढील मुलाचे पालक, लक्षण गेले म्हणून स्वस्थ न बसता, दुसऱ्याच दिवशी रुग्णालयाची वाट धरतील. मदत करणाऱ्याचे ऋण फिटते ते अशाच रीतीने.