आपल्या मोबाईलच्या बॅटरीत रशीद यझामी यांचा वाटा

मोबाईल चार्जिंगला लावला की लिथियमचे आयन बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना बाहेर येतात. ही ये-जा शक्य आहे, हे 1980 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला रशीद यझामी यांनी दाखवलं. ते मूळचे मोरोक्कोतल्या फेझ शहरचे. 2014 चा ड्रेपर पुरस्कार मिळालेल्या चौघांत ते होते. 2019 चं नोबेल मात्र याच बॅटरीसाठी तिघांना मिळालं, त्यात त्यांचं नाव नाही.

आता संशोधन सिलिकॉनवर सुरू आहे. तेवढ्याच वजनाच्या ग्रॅफाइटपेक्षा ते जवळपास दहापट लिथियम साठवतं. मग अडचण कुठे? लिथियम भरलं की सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतं, निघालं की आकसतं. भिजून सुकलेल्या जमिनीसारखे तडे जातात, बॅटरी लवकर बाद होते.

2008 मध्ये स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटाने केसापेक्षा शेकडो पट बारीक सिलिकॉनच्या तारा वापरल्या. मधल्या मोकळ्या जागेत तारा फुगतात, तुटत नाहीत. पण बारीक कणांचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे नको त्या रासायनिक क्रियाही वाढतात. म्हणून सध्या ग्रॅफाइटमध्ये थोडंच सिलिकॉन मिसळतात.

म्हणजे काम अजून बाकी आहे. दहावीनंतर मुला-मुलींनी सायन्स घ्यावं का, अशी चर्चा घरात असेल, तर यझामींचं नाव जरूर सांगा.