दसऱ्याची मेबॅक आणि रोजचा पोचा

दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची, दुसऱ्या महायुद्धाआधीची मेबॅक चौकात येते आणि थोड्या वेळानं सगळे हात सोनं लुटायला पुढं सरसावतात. गर्दीत एखादा मात्र मडगार्डची वळणंच बघत उभा असतो. तो बहुधा कागल-निपाणीकडचा, नाहीतर थेट बेळगावचा. त्याच्या घरामागं ताडपत्रीखाली एक पद्मिनी नाहीतर जुनी जीप असते आणि तिचा निम्मा पत्रा त्यानं रविवारी-रविवारी स्वतः सरळ केलेला असतो. परतताना घर येईपर्यंत त्याचं ठरत आलेलं असतं: नोकरी सोडून हेच करायचं.

करावं की. फक्त काय ऐकून करतोय, ते आधी तपासून घ्यावं.

‘जुन्या गाड्या नव्यासारख्या करून पोट भरेल’ हा सगळ्यांत गोड गैरसमज. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं, ॲम्बॅसडरचं २०१४ साली. मारुती ८०० सुद्धा त्याच वर्षी बंद झाली. या गाड्या जिवापाड जपणारे लोक आपल्या भागात आहेत, पण ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. शिवाय एका गाडीला महिनोन्‌महिने लागतात आणि निम्म्यात मालकाचे पैसे आटले की गाडी तुमच्या अंगणात राहते. गॅरेजचं भाडं निघतं ते घासलेल्या बंपरवर, दाराला पडलेल्या पोच्यावर आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीनं चाटून गेलेल्या मागच्या मडगार्डवर. हे काम कमी दर्जाचं मानणाऱ्यानं छंद छंदच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजचं टिंकरिंग हा धंदा, आणि जुनी गाडी ही त्या धंद्यातली एक जागा अडवून बसलेली लाडकी पाहुणी.

आता वेळेचं बघू, कारण छंदाचा धंदा करताना माणूस बुडतो तो इथंच. ‘हातात कला आहे, दर आपोआप मिळेल’ असं वाटतं. समजा, एक दार सरळ करून रंगवायला तुम्ही तीन रविवार, म्हणजे अठरा तास घेतलेत. गिऱ्हाइकानं ४,००० रुपये दिले, त्यातले १,५०० सामानाला गेले. उरलेले २,५०० अठरा तासांवर वाटले तर तासाला १३९ रुपये पडतात, आणि त्यातून भाडं, वीज, पोराचा पगार अजून जायचाय. छंदात कोणी तास मोजत नाही, तीच तर त्याची मजा. धंद्यात मात्र तुम्ही तासच विकता. म्हणून पहिले सहा महिने प्रत्येक कामाचे तास वहीत लिहावेत. दर कौतुकावरून ठरवू नये, त्या वहीवरून ठरवावा.

जुन्या गाडीचा तर ठोक आकडा रंग खरवडण्याआधी सांगूच नये. डोळ्याला रुपयाएवढा गंज दिसतो, पण तो बाहेर पडायच्या आधी आतून हातभर पसरलेला असतो, विशेषतः दाराखालच्या पट्टीत आणि पायाखालच्या मॅटिंगच्या तळाशी. इथंच आणखी एक समजूत आडवी येते: ‘जुनी गाडी म्हणजे खाली चासी आणि वर बॉडी, बॉडी कापा, बदला, चासी आहेच.’ जीपला ते लागू आहे. पण पद्मिनी ज्या फियाट ११०० वर आणि ॲम्बॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतली, त्या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. आधार न देता दाराखालची पट्टी कापली तर गाडी मधोमध किंचित बसते. नवी पट्टी सुबक वेल्ड होते, पण दार मात्र परत लागत नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे रॉड तात्पुरते जोडायचे, सगळ्या फटींची मापं लिहून ठेवायची, मगच ग्राइंडरला हात लावायचा.

‘लांबी भरली की पोचा गेला.’ गेला नाही, झाकला. लांबी पत्रा जवळजवळ सरळ झाल्यावर उरलेल्या दोन-तीन मिलिमीटरसाठी असते. जाड थापली तर तिला तडा जातो, ती ओल धरते आणि खाली गंज निवांत वाढतो. बेळगाव-खानापूरच्या पावसात तर त्याला आयतं खाद्य. जुनी गाडी विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवणारे लोक वेडे नसतात. जिथं चुंबक धरत नाही, तिथं लांबीचा डोंगर असतो. उलट बाजूची चूक नव्या गाड्यांवर होते. जुना मऊ पत्रा गॅसच्या ज्योतीनं तापवून बसवणारा हात नव्या गाडीच्या खांबांवरही तेच करतो. तिथं जास्त ताकदीचं पोलाद असतं आणि तापवल्यानं त्याची ताकद जाते. रंग मारल्यावर ते कोणालाच दिसत नाही, पुढच्या अपघातापर्यंत.

रंगाबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण इथं चूक पैशाची नसते. ‘तोंडाला रुमाल बांधला की झालं’ असं म्हणत दोन पिढ्यांनी गन चालवली. पूर्वीच्या लॅकरनंही फुप्फुसांचं भलं केलं नव्हतं, पण आजच्या हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतात. त्यांच्यामुळं रंगाऱ्यांना दमा जडतो आणि एकदा शरीरानं त्यांचा धसका घेतला की पुढं अगदी थोड्या वाफेनंही धाप लागते. धुळीचा मास्क त्यांना अडवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं आत घेणारा मुखवटा हाच खरा उपाय, आणि तो आणेपर्यंत असा रंग बाहेरच्या बूथवाल्याकडून मारून घ्यावा. घरामागच्या शेडमध्ये, वर पोरं झोपलेली असताना तर नाहीच.

‘नोकरी सोडल्याशिवाय धंदा होत नाही’ या वाक्याला बेळगावनंच एक उत्तर देऊन ठेवलंय. जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले. काही रंग ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. बेळगावातलं सायकलींचं दुकान १८८८ सालचं. ते भाऊ रामूअण्णा सांभाळत होते आणि लक्ष्मणरावांची मुंबईतली नोकरी चालू होती. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, म्हणजे बावीस वर्षांनी. (जाता जाता: रंग जुळवायच्या धंद्यात पडणाऱ्यानं एकदा रंगांधळेपणाची तपासणी करून घ्यावी. विनोद म्हणून सांगत नाही.)

कायद्याकडे वळू. ‘आपलीच गाडी, काय वाटेल ते बदलू’ हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. नुसता रंग बदलायला हरकत नाही, पण तो आरसी बुकात नोंदवून घ्यावा लागतो. बेकायदा बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गिऱ्हाईक ‘जीप मोठी करून द्या’ म्हणालं तर हे त्याला आधी सांगायचं.

‘पंधरा वर्षं झाली, आता भंगार’ हेही खरं नाही. वयावर सरसकट बंदीची गोष्ट दिल्ली परिसरातली. इथं खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांनी तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं. पन्नास वर्षांपुढच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. रोज बाजारला नेता येत नाही आणि लग्नाच्या वरातीला भाड्यानं देता येत नाही. वरातीचा हिशोब धरून जुनी गाडी उभी करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सीमेबद्दलच्या समजुतींची तऱ्हाच वेगळी. ‘एमएच-०९ ची गाडी निपाणीत दुरुस्तीला घेतली तर आरटीओ धरेल’ ही भीती उगीचच. दुरुस्तीला कुठल्याही पासिंगची गाडी येऊ शकते. प्रश्न येतो गाडी बारा महिन्यांहून जास्त कर्नाटकातच ठेवली तर. मग इथं नोंदणी, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणि इथला आजीवन कर. निपाणीकरांना त्यासाठी चिकोडीचं केए-२३, बेळगावकरांना केए-२२.

खरी सीमा बिलबुकात आहे, आणि तिची कोणाला भीती वाटत नाही. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेतो जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, आलेले सगळे पैसे. त्यापुढं गेल्यावर बरेच जण सोपी म्हणून कंपोझिशन योजना घेतात. पण त्या योजनेत परराज्यात सेवा देता येत नाही, आणि बिलावर कागलचा पत्ता आला की ते काम आंतरराज्य ठरू शकतं. निपाणीच्या गॅरेजची किती तरी गिऱ्हाइकं कागल, मुरगूड, गडहिंग्लजची असतात! तेव्हा योजना निवडण्याआधी सीएला गिऱ्हाइकांची यादी दाखवावी.

पाटीबद्दलही अफवाच जास्त. २०२४ च्या दुरुस्तीनं कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हवी. उरलेल्या जागेत मराठी लिहायला मनाई नाही. परवान्यांचं थोडक्यात: नगरपालिकेचा व्यवसाय परवाना लागतो. गाड्या दुरुस्त करून रंगवण्याचा धंदा केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत नारंगी गटात होता, त्यामुळं राज्य मंडळाकडे संमतीची चौकशी करावी. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावावं.

‘दुरुस्त करून विकली, त्यात काय’ असं म्हणणाऱ्यांसाठीही नियम आलाय. वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. स्वतःची एखादी गाडी विकणं वेगळं, घ्यायची-सजवायची-विकायची असं चक्र चालवणं वेगळं.

शेवटी अंगणात उभ्या असलेल्या परक्या गाड्या. ‘गाडीचा विमा आहे, मला काय’ असं समजू नये. गिऱ्हाइकाची गाडी ताब्यात असेपर्यंत ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची जबाबदारी तुमची, म्हणून आग-चोरीचा गॅरेजचा वेगळा विमा हवा. मजुरी थकली तर भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नं कारागिराला पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क दिलाय. अडवायचा, विकायचा नव्हे. जुन्या गॅरेजांच्या मागं वेलींनी झाकलेल्या, रंगाचा एकच हात मारलेल्या फियाट दिसतात ना, त्यांतल्या कित्येक अशाच अडवलेल्या असतात.